वाटीच्या काठावरची खुबानी

मराठी घरात श्रीखंडाचे रिकामे डबे जसे साठत जातात ना, तसे आमच्या किचनमध्ये किस्से साठलेत. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत. कपाट उघडलं की एक तरी अंगावर येतोच! परवा एका लग्नात मी सहज एक सांगितला, तर बायका आइस्क्रीमच्या लाइनीतून निघून खुर्च्या ओढत माझ्याभोवती बसल्या. परवा म्हणजे आमचं हैदराबादी परवा हं. त्यात मागचं वर्षसुद्धा बसतं.

आधी माणसं सांगून ठेवते. नल्लकुंट्याला एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावर आमचं किचन आहे. मालकीण शैला, माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या सासरी सगळे वकील, त्यामुळे घरात बोलायला संधी मिळायची नाही, म्हणून ती स्वयंपाकाकडे वळली असं ती सांगते. दुसरी पद्मा. ती वरंगलची, मराठी आमच्याकडेच शिकली, आणि भाजीपाला, पॅकिंग सगळं तिच्याकडे. तिसरी मी, मंगल. दिलसुखनगरच्या एका ज्युनिअर कॉलेजात जन्मभर केमिस्ट्री शिकवली. रिटायर झाल्यावर घरी बसून नवऱ्याच्या चुका काढण्यापेक्षा इथं येऊन डबे भरलेले बरे, असं आम्हा दोघांचंही मत पडलं.

आमची खासियत म्हणजे कुसकुस. शैलाचा मुलगा निखिल, तोही वकीलच, पुण्याला असतो. तो कंपनीच्या कामानं परदेशी गेला आणि येताना आईला एक पाकीट घेऊन आला. शैलानं ते उघडून हातावर घेतलं आणि म्हणाली, "इतक्या लांबून रवा आणलास होय रे?" पण मग तिनं टोमॅटो भाजून, खुबानी म्हणजे आपले जर्दाळू चिरून, पुदिना-कोथिंबीर घालून जे काही केलं, ते खाऊन निखिल गप्प झाला. वकील गप्प झाला म्हणजे बघा! आता हायटेक सिटीतल्या ऑफिसांत आमचे डबे जातात.

❖

शैलाच्या किचनचा एकच कायदा आहे. नैवेद्य दाखवल्याशिवाय चव घ्यायची नाही. बोटसुद्धा लावायचं नाही! कुसकुसवर उकळतं पाणी ओतून परात झाकली की ती पहिली वाटी काढते, भिंतीवरच्या देवघरात ठेवते, पाणी फिरवते आणि देवघराची दारं लावून घेते. देव जेवताना आपण बघत बसायचं नाही. थोड्या वेळानं दारं उघडायची, वाटी परत परातीत मिसळायची, की सगळाच प्रसाद झाला. आणि प्रसादाची चव तपासायची नसते, असं शैलाचं म्हणणं. हायटेक सिटीतली पोरं एसीत बसून प्लास्टिकच्या चमच्यानं प्रसाद खातात, त्यांना काय पत्ता!

मग मीठ-मसाल्याचं कसं कळायचं? तर शैलाच्या नाकानं. ती परातीवर वाकून एकदा श्वास घ्यायची आणि सांगायची, "लिंबू राहिलंय." वासावरून मीठ कळतं हे माझ्या केमिस्ट्रीत बसत नाही, पण तिचं कधी चुकलं नाही हेही खरं.

कोठीच्या बाजारात आम्ही ज्यांच्याकडून सुका मेवा घेतो ते चाचा एकदा खुबानीचं पाकीट पुढं करून म्हणाले, "बाजी, एकदम ताजा माल है."

शैलानं बंद पाकीट नाकाशी धरलं. "हा माल गेल्या सालचा. आणि रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवलेला होता."

चाचांनी मागं वळून बघितलं. गोदामाच्या दारात रॉकेलचा डबा होता. त्यांनी पाकीट परत घेतलं, दुसरं काढलं आणि हात जोडले. "तुम नाक का लायसन निकाल लेव बाजी! बिगर लायसन का ऐसा हथियार लेके नक्को फिरो!"

❖

शेजारच्या कमलाकाकूंचा एकादशीचा किस्सा तर सगळ्या नल्लकुंट्याला माहीत आहे.

काकूंच्या एकादश्या कडक. एका आषाढी एकादशीला त्या दुपारी आल्या, तेव्हा परातीत कुसकुस फुललेली होती. पांढरी, मोकळी, वर मनुका, खुबानी, डाळिंब. काकूंना वाटलं वऱ्याचे तांदूळ. म्हणजे भगर! आमच्याकडे कांदा-लसूण नसतोच. टोमॅटो दिसला, पण "तुमच्याकडं उपासाला चालत असेल" असं म्हणून त्यांनी दोन ताटल्या रिचवल्या. वर आणखी कौतुक, "शैला, अशी मोकळी भगर माझ्या हातून जन्मात झाली नाही गं!"

पद्मा साधेपणानं बोलली, "भगर नाही काकू, गहू आहे."

काकूंचा हात तोंडाशीच राहिला. मग शैलाचा चेहरा उतरला, कारण तिच्या लक्षात आलं की एकादशीच्या दिवशी तिनंही रोजच्या सवयीनं नैवेद्य दाखवला होता. गव्हाचा! काकूंचा उपास मोडला तो मोडला, देवाचाही मोडला.

"देवानं काही खाल्लं नसेल गं, दाखवलंच आहे नुसतं," मी समजूत काढली. ती वाटी अजून देवघरातच होती. शैलानं दारं उघडली.

वाटीच्या मधोमध खळगा पडला होता. दोन बोटांनी घास उचलावा, तसा. आणि खुबानीचे तुकडे वेचून वाटीच्या काठावर ओळीनं लावून ठेवले होते.

शैलानं वाटी बाहेर काढून उजेडात धरली. शेवटी शैला म्हणाली, "आता हे परातीत कसं मिसळू? उष्टं झालं ना."

कमलाकाकूंनी मात्र तोंडातला घास शांतपणे गिळला. "देवाचं उष्टं म्हणजेच प्रसाद गं. मिसळ. आणि मला अजून थोडं वाढ. त्यानं मोडला तर मी कोण ठेवणारी?"

❖

मी उंदीर म्हणाले, पद्मा मुंगळे म्हणाली आणि विषय मिटला. पुढं बरेच दिवस काही झालं नाही.

मग शैलाला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. कशाचा म्हणजे कशाचा वास येईना. हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली, तरी नुसती बघत राहायची. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. निखिल फोनवर म्हणाला, "आई, झालं तेवढं पुरे. किचन बंद कर आणि पुण्याला चल." शेवटी त्यांच्यात ठरलं, दिवाळीपर्यंत वाट बघायची. तोवर वास आला नाही, तर शैला पुण्याला जाणार.

पुण्याला जाणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. सकाळी नातवंडांचे डबे भरायचे आणि दुपारी बाल्कनीत बसायचं. जिनं वाफेवरून लिंबू ओळखलं, तिनं बाल्कनीत बसायचं! मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी चिडते, म्हणून तिच्यावरच ओरडले, "मग घे ना चव! बिघडलं काय देवाचं?"

"नाही," ती म्हणाली. "तो कायदा माझ्या सोयीसाठी केलेला नाही."

नाकाशिवायच्या पहिल्या दिवशी तिनं अंदाजानं केलं सगळं.  वाटी काढली, दारं लावली, आणि पाटावर डोळे मिटून बसून राहिली. दारं उघडली तेव्हा वाटीतली पुदिन्याची पानं निवडून काठावर ठेवलेली होती. सगळी नाहीत. साधारण निम्मी.

शैला वाटीकडं बघत राहिली. मग उठली, परातीतला पुदिना निम्मा निवडून काढला आणि डबे भरायला सांगितलं. त्या दिवशी ऑफिसांतून मेसेज आले, "आंटी, टुडे इट वॉज परफेक्ट!"

पद्मानं मला कोपऱ्यात घेतलं. "अक्का, मुंगळे पानं मोजतात का?"

❖

मी सायन्सची बाई. म्हटलं, प्रयोग करू.

दुसऱ्या दिवशी मी वाटी एका थाळीत ठेवली, त्यावर जड पातेलं पालथं घातलं, आणि कडेनं कणकेची जाड वात लावून सील केलं. हैदराबादेत राहून बिर्याणीला दम लावायला नाही शिकलं तर काय उपयोग! देवघरात मावेना, म्हणून सगळं देवघराशेजारच्या ओट्यावर ठेवलं. शैलानं तसंच पाणी फिरवलं.

आम्ही तिघी समोर बसलो. देव जेवताना बघायचं नाही म्हणून शैलानं पाठ केली. मी मात्र डोळे फाडून बघत होते. पातेलं हललं नाही. कणकेला चीर गेली नाही. सकाळचं ऊन खिडकीतून सरळ ओट्यावर पडलं होतं, आणि बाहेर भाजीवाला ओरडत होता. इतकी साधी सकाळ!

वेळ झाल्यावर मी सुरीनं कणीक कापली आणि पातेलं उचललं.

आत वाटी तशीच होती. पण खुबानीचे सगळे तुकडे बाहेर, थाळीत, एकाशेजारी एक. पातेल्याच्या आतल्या बाजूला वाफ धरली होती, आणि त्या वाफेत चार बोटं वरून खाली ओढल्याच्या रेघा होत्या.

मी पातेलं खाली ठेवलं. कॉलेजात प्रयोग फसला की पोरांना विचारायचे, तसं तोंडातून निघालं, "निष्कर्ष काय?"

पद्मा आपली कोथिंबिरीची जुडी घेऊन उठली. "निष्कर्ष असा मॅडम, की मी उद्यापासून पाला बाहेर जिन्यात बसून निवडणार!"

शैलानं आमच्याकडं लक्षच दिलं नाही. ती खुबानी चाचपत होती. "कच्च्या राहिल्यात," ती म्हणाली. "भिजवायला हव्या होत्या."

❖

तरीही मला वाटायचं, यात माणसाचा हात असणार. मला पद्माचा संशय होता. पोरगी मायाळू. चोरून चव घेत असेल, आणि शैलाला लाज वाटू नये म्हणून वाटीतून सुचवत असेल. सीलबंद पातेल्याचं काय, हा प्रश्न मी सोयीस्करपणे बाजूला ठेवला. सायन्सवाले असंच करतात.

एक दिवस मी तिला म्हटलं, "पद्मा, तू शैलासाठी जे करतेस ना, ते मी कुणाला सांगणार नाही हं. थँक्यू!"

ती डोळे मोठे करून बघायला लागली. "अय्यो अक्का! मीच तुम्हाला थँक्यू बोलणार होते. मला वाटलं, तुम्ही करता!"

 मग एकच उरली. शैला स्वतः! आपण अजून उपयोगाचे आहोत असं वाटावं, म्हणून माणूस काय काय करतो. मी तिच्याजवळ जाऊन बसले, हात हातात घेतला आणि अगदी प्रेमानं विचारलं, "शैले, तूच करतेस ना गं?"

तिनं हात सोडवून घेतला नाही. उलट घट्ट धरला.

"मंगल, मला वास येत नाही आणि मी चव घेत नाही," ती म्हणाली. "काय काढायचं, हे मला कसं कळेल?"

❖

युसूफभाई आमचे डबे घेऊन जातात. वय झालेला, मिशीला मेंदी लावणारा, तोंडानं फटकळ माणूस. सकाळी किचनच्या दारात उभे राहून डबे मोजायचे आणि वर आम्हाला स्वच्छतेवर लेक्चर द्यायचे.

एकदा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाजी, बुरा नक्को मानो. वो अम्माकु जरा समझाव."

"कोण अम्मा?"

"वोईच, जो मंदिर के नीचे बैठते. खाने का धंदा है अपना. वो रोज उंगलियाँ चाटते बैठते. कस्टमर देख लिया तो कैसा?"

 मी आवाज सांभाळून म्हटलं, "युसूफभाई, इथं आम्ही तीनच जणी आहोत."

"हौ, तीन तुम," ते म्हणाले, "और वो अम्मा." मग माझा चेहरा त्यांना दिसला असावा. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. ओट्यापाशी पद्मा डबे पुसत होती, शैला टोमॅटो उलटत होती. देवघराखाली रिकामा पाट होता.

युसूफभाई मागं सरकले, चपला हातात घेतल्या आणि गेटपर्यंत अनवाणी गेले. तिथून ओरडले, "बाजी! कल से मेरेकु डब्बे गेट पेच देदेव! और अम्माकु मेरा सलाम बोलो. मैं कुछ बोलाच नई!"

❖

एवढं होऊनही आम्ही किचन चालवत होतो. लोकांना वाटतं असल्या ठिकाणी माणूस पळून जातो. नाही हो, डबे वेळेवर द्यायचे असतात! भीतीसुद्धा सकाळच्या कामात बसवून घ्यावी लागते. मी मात्र देवघराकडं पाठ करून उभं राहायचं सोडून दिलं.

बरकतपुऱ्यात एका बारशाची ऑर्डर होती. मोठी परात भरून कुसकुस, उन्हात वाळवलेले टोमॅटो, अंजीर, खजूर, वर पुदिना आणि कोथिंबीर. शैलानं वाटी ठेवली. दारं उघडली तेव्हा वाटी पालथी होती.

देवघरात एक कण सांडला नव्हता. नुसती पालथी. शैलानं ती सरळ करून परत ठेवली, परत पाणी फिरवलं, दारं लावली. उघडली तर परत पालथी.

"टाकून दे सगळं," शैला म्हणाली.

"वेडी झालीस का? बारसं आहे! लोक पाटावर बसलेत तिकडं!" मी ओरडले. पद्मा रडायला लागली. शैलानं काही न बोलता परात उचलली आणि मागच्या बादलीत उपडी केली. मग त्या बारशाच्या आईला फोन करून स्वतः बोलणी खाल्ली. पोराची आत्या फोनवर काय काय म्हणाली, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुपारी पद्मानं वाळवलेल्या टोमॅटोची बरणी धुवायला घेतली. वरचे टोमॅटो लालबुंद. तळाचे सगळे बुरशीनं हिरवे, आणि त्यात एक पाल, केव्हाची तरी, तेलात मुरलेली.

मी शैलाला म्हटलं, "वाचवलं गं बाई तुझ्या वाटीनं! तान्ह्या पोराच्या घरी काय झालं असतं!"

मला वाटलं तिला बरं वाटेल. ती भिंतीला टेकून बसली आणि पदरात तोंड घालून रडली. तिला रडताना मी तिचा नवरा गेला तेव्हाच बघितलं होतं.

"बरणी मी स्वतः उघडली होती सकाळी," ती म्हणाली. "नाकासमोर होती माझ्या. मंगल, मी आता स्वयंपाक करत नाही. मी नुसती हुकमाची ताबेदार आहे. कुणाच्या ते माहीत नाही. निखिलला फोन कर. ये म्हणावं."

❖

निखिल वसुबारसेच्या दिवशी सकाळी आला. चांगला मुलगा आहे. आईला दटावत नाही, नुसता कामं उरकत जातो. आल्या आल्या त्यानं देवघरातले देव मऊ फडक्यात गुंडाळले, डब्यात ठेवले आणि डबा बॅगेत भरला. ती मोठी बॅग किचनच्या आणि मागच्या खोलीच्या मधल्या दारात उभी केली. रात्रीच्या गाडीची तिकिटं होती.

वाटीबद्दल आम्ही त्याला सांगितलं होतं. "मावशी, पुरावा काय?" एवढंच तो म्हणाला आणि हसला.

शैलानं शेवटची परात करायची ठरवली. नेहमीच्या गिऱ्हाइकांना शेवटचे डबे, आणि त्यावर पद्मा चिकटवणार होती, 'आजपासून बंद'. शैला एकटीच ओट्याशी उभी राहिली. टोमॅटो भाजले, खुबानी आदल्या रात्रीच भिजवलेली, अंजीर बारीक चिरले. कुसकुसला तेलाचा हात लावून उकळतं पाणी ओतलं, झाकलं. झाकण काढून बोटांनी मोकळी केली आणि कोथिंबीर, पुदिना मूठ-मूठ घातला. मग वाटी भरली आणि वळली.

देवघर रिकामं होतं. दारं सताड उघडी, आत तेलाचे डाग.

ती वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांच्या सवयीनं भरलेली वाटी, आणि ती ठेवायला जागा नाही. "आता हे कुणाला दाखवू?" तिनं विचारलं. आमच्यापैकी कुणालाच विचारलं नव्हतं ते.

"आई, चव बघून दे ना सरळ," निखिल हळू आवाजात म्हणाला. "देव बॅगेत आहेत."

पद्मानंही मान हलवली. "बघा अक्का. आज चालतं."

शैलानं चिमूटभर कुसकुस उचलली. हात वर गेला. मला बघवेना. तिला कायदा मोडताना बघण्यापेक्षा ती पुण्याला गेलेली परवडली, असं मला त्या क्षणी वाटलं. हात ओठांपर्यंत आला आणि थांबला.

तिच्या नाकपुड्या हलल्या.

"टोमॅटो," ती म्हणाली. "कडेनं करपलाय."

 तिनं डोळे मिटले. "कोथिंबीर. दांड्यांसकट घातली मी? आणि पुदिना... मंगल, पुदिना! केवढा येतोय!" तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, आणि ती एकेक नाव घेत होती. अंजीर. लिंबू. पद्माच्या हाताचा साबण. निखिलच्या शर्टाला गाडीतल्या ब्लँकेटचा वास. पद्मा हसत-रडत माझ्या गळ्यात पडली. मीही रडले. निखिल पुढं आला, "आई..." म्हणाला आणि तिच्या हातातली कलती वाटी त्यानं सावरली.

शैलानं हातातली चिमूट परत परातीत टाकली. मग तिनं परत श्वास घेतला. या वेळी लांब, आणि मान वळवून. मागच्या खोलीच्या दिशेनं.

"शिकेकाई," ती म्हणाली. "आत्ता न्हाऊन आल्यासारखी. ओले केस."

मी पद्माकडं बघितलं. पद्मानं माझ्याकडं. युसूफभाईंची ती अम्मा आम्हा दोघींनाही आठवली. मागच्या खोलीत कुणी नव्हतं. तिथं पोती आणि रिकामे डबे होते, आणि बाहेरचं दार मीच सकाळी आतून लावलं होतं.

शैला घाबरली नाही. तिनं पदर सारखा केला, वाटीच्या कडेला लागलेला कुसकुसचा कण बोटानं पुसला आणि पाहुण्यांसमोर बोलावं तशा आवाजात म्हणाली, "पद्मा, पाट मांड. मंगल, जरा सरक गं. वाट दे त्यांना."

पद्मानं पाट मांडला. मी भिंतीला चिकटले. आमचं किचन अरुंद, एक माणूस जायला दुसऱ्यानं अंग चोरावंच लागतं.

निखिलनं पुरावा मागितला नाही. तो मधल्या दाराकडं बघत होता. मग पुढं झाला, दारात उभी केलेली बॅग त्यानं दोन्ही हातांनी उचलली आणि वाटेतून बाजूला घेतली.